अशुभ वार्ता आणि मनाचे स्थैर्य

युद्ध, दुष्काळ, अपघात, आत्महत्या आणि अत्याचार यांच्या वार्ता ज्याच्या कानी दिवसातून एकदाही पडत नाहीत असा मनुष्य आज शोधूनही सापडणार नाही; आणि या वार्तांच्या अखंड माऱ्याखाली मनाचा उत्साह, माणसाच्या चांगुलपणावरील विश्वास व उद्याविषयीची उमेद टिकवावी कशी, हा प्रश्न आता हळव्या प्रकृतीच्या लोकांपुरता उरलेला नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातील रॉयटर्स संस्था अनेक देशांतील वाचकांची दरवर्षी पाहणी करीत असते. बातम्या अधूनमधून किंवा वारंवार जाणूनबुजून टाळतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण तिच्या पाहणीत २०१७ साली २९ टक्के होते, ते २०२४ साली ३९ टक्क्यांवर गेले. लोकमतावर ज्यांचा कारभार चालतो अशा देशांत दर दहांतील चार माणसे सार्वजनिक जीवनाकडे पाठ फिरवू लागली, तर ती गोष्ट त्या माणसांइतकीच त्या देशांनाही घातक आहे. या प्रश्नाचा पूर्वेतिहास, त्यावरील संशोधन आणि त्यावर सुचविले गेलेले नानाविध उपाय यांचा धांडोळा घेताना माझे मत असे बनत गेले की, वाईट बातमी माणसाला खचविते ती तिच्यातील दुःखामुळे जेवढी, त्याहून अधिक ती ऐकल्यावर आपल्या हातांना करण्यासारखे काही उरत नाही म्हणून.

आपल्या जुन्या समाजात अशुभ वार्तेची एक रीत ठरलेली होती. मृत्यूची खबर देणाऱ्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असे, म्हणजे मजकूर वाचण्यापूर्वीच वाचणाऱ्याच्या मनाला सूचना मिळे. ते पत्र उंबऱ्याच्या आत नेत नसत, बाहेरच वाचून फाडून टाकीत आणि स्नान करून मगच घरात पाऊल ठेवीत. ज्या घरी मृत्यू झाला तेथे चूल पेटत नसे, परंतु तेथील माणसे उपाशीही राहत नसत, कारण शेजारघरून पिठले-भाकरीची टोपली झाकून येई; कोणी लाकडे आणी, कोणी दूरच्या आप्तांकडे निरोप्या धाडी, कोणी लहान पोरांना आपल्या घरी घेऊन जाई. बातमी कानी पडणारा आणि तिच्यासाठी काहीतरी करणारा हे दोघे बहुधा एकच असत, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी त्या शोकालाही एक ठरावीक मर्यादा पडे. या व्यवस्थेचे गुणगान करताना तिच्यातील क्रौर्याकडे डोळेझाक करता येणार नाही. विधवेच्या वाट्याला त्याच रीतीने जे आले ते आठवले म्हणजे जुन्याविषयीची हळहळ आवरती घ्यावी लागते. तथापि, दुःखद वार्ता आली की तिच्या पाठोपाठ कर्तव्य येते, ही जी जाणीव त्या रीतींत गोवलेली होती, ती अत्यंत शहाणपणाची होती असे मला वाटते.

एकच वार्ता दोन माणसांवर किती निरनिराळा परिणाम करते याचे मराठ्यांच्या इतिहासातील उदाहरण पानिपताच्याच दप्तरात आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी उत्तरेत जो संहार झाला त्याची खबर, कुमक घेऊन निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना माळव्यात भेलश्याच्या मुक्कामी, एका सावकाराच्या जासुदाकडील सांकेतिक पत्रातून प्रथम कळली. थोरला पुत्र विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ एकाच दिवशी गेले होते. प्रकृती आधीच ढासळलेली होती. त्या आघातातून नानासाहेब सावरले नाहीत आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला. त्यांच्या या खचण्याला दुर्बलता म्हणण्याचे धार्ष्ट्य मी करणार नाही. परंतु तीच वार्ता, तोच भाऊ आणि तोच चुलता गमावल्याचे दुःख, शिवाय रिकामा खजिना, उघड्यावर पडलेला मुलूख आणि घरातील भाऊबंदकी हे सारे ज्याच्या पदरात पडले, तो नानासाहेबांचा दुसरा पुत्र माधवराव तेव्हा अवघा सोळा वर्षांचा होता. १७६३ च्या ऑगस्टात राक्षसभुवनाच्या लढाईत त्याने निजामाच्या फौजेचा पराभव केला, रामशास्त्र्यांसारख्या न्यायाधीशाला निर्भयपणे काम करू दिले, वेठबिगारीला आळा घातला, आणि १७७२ च्या आरंभी मराठ्यांच्या बळावर दिल्लीच्या बादशहाची पुन्हा तख्तावर स्थापना झाली. माधवरावाच्या ठिकाणी जे दिसते त्याला आजच्या अर्थाने प्रसन्नवृत्ती म्हणता येईल की नाही याची मला शंका आहे, कारण तो स्वभावाने कडक आणि शीघ्रकोपी होता. पण झालेल्या नुकसानीचा हिशेब स्वच्छ डोळ्यांनी पाहून त्याच दिवसापासून तो भरून काढण्यास लागणे, ही वृत्ती त्याच्यापाशी होती.

पेशव्यांच्या काळी खलिते येण्यास दहा-पंधरा दिवस लागत, आणि दोन खलित्यांच्या मधला काळ हा विचाराचा व कामाचा काळ असे. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले तेव्हा, आणि १८८१ साली ‘केसरी’ निघाला तेव्हाही, वार्तेला वाराचे बंधन होते. पुढे नभोवाणीच्या काळातही बातम्यांच्या ठरावीक वेळा असत. २००७ च्या सुमारास मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या दूरचित्रवाणी वाहिन्या सुरू झाल्या आणि नंतर खिशातील दूरध्वनीने तर वेळेचे उरलेसुरले बंधनही काढून टाकले. दोन बातम्यांमधला तो रिकामा काळ नाहीसा झाला, याला मी या स्थित्यंतरातील सर्वांत मोठी हानी समजतो.

वार्तेच्या व्यवसायाचीही एक अंगभूत प्रकृती आहे, आणि ती समजून घेतल्यावाचून वाचकाला आपल्या खिन्नतेचे मूळ कळणार नाही. योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या नॉर्वेतील अभ्यासकांनी १९६५ साली, कोणती घटना बातमी होते आणि कोणती होत नाही याची मीमांसा केली. थोड्या काळात घडून येणारी आणि अनिष्ट स्वरूपाची घटना बातमी होण्यास अधिक पात्र ठरते, असे त्यांनी दाखविले. बांधण्याला वर्षे लागतात आणि कोसळण्याला क्षण पुरतो, म्हणून कोसळणे छापले जाते. देवीच्या रोगाने भारतात शतकानुशतके माणसे मारली, आंधळी केली. १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी आढळला नाही आणि १९८० साली जगातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. २००९ साली पोलिओचे ७४१ रोगी एकट्या भारतात होते, म्हणजे जगातील जवळजवळ निम्मे. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यातील एका बालिकेत आढळलेला रोग हा अखेरचा ठरला. जगात पाचव्या वर्षाच्या आत मरणारी मुले १९९० साली सुमारे सव्वा कोटी होती, २०२२ साली ती ५० लाखांच्या आत आली. याचा अर्थ असा की, त्या मानाने आज रोजची सुमारे वीस हजार मुले वाचत आहेत, आणि ‘काल वीस हजार मुले मेली नाहीत’ असा मथळा कोणत्याही पत्राच्या पहिल्या पानावर कधीही येणार नाही. त्यात संपादकांचा दोष थोडा आणि आपला अधिक आहे. एका संकेतस्थळाच्या एक लाखाहून अधिक मथळ्यांचा जो अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यात मथळ्यातील प्रत्येक नकारात्मक शब्दागणिक तो उघडून पाहणाऱ्यांचे प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढते असे आढळले.

मनावरील परिणामाविषयी मानसशास्त्रज्ञांचे निष्कर्ष बरेचसे एकमुखी आहेत, म्हणून त्यांचा उल्लेख थोडक्यात करतो. आठवायला सोपी ती गोष्ट आपण वारंवार घडणारी समजतो, हे ट्वर्स्की आणि काहनेमान यांनी १९७३ सालीच दाखवून दिले. १९९७ साली इंग्लंडात जॉन्स्टन आणि डेव्ही यांनी काही लोकांना १४ मिनिटांची वार्तापत्रे दाखविली. ज्यांना दुःखद वार्तापत्र दाखविले त्यांची उदासीनता व चिंता तर वाढलीच, पण बातम्यांशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता अशा त्यांच्या घरगुती काळज्याही त्यांना अधिक भयंकर वाटू लागल्या. २०१३ साली बॉस्टन येथे धावण्याच्या शर्यतीत झालेल्या बाँबस्फोटानंतर केलेल्या पाहणीत याहूनही विलक्षण गोष्ट निष्पन्न झाली: त्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास त्या बातम्या पाहणाऱ्यांची मनःस्थिती, प्रत्यक्ष त्या जागी असलेल्यांपेक्षाही अधिक ताणलेली आढळली. माझ्या दृष्टीने या सर्व संशोधनाचे मर्म या अखेरच्या पाहणीत आहे. जो घटनास्थळी होता त्याला निदान पळायचे होते, कोणाला उचलायचे होते, कोणाला शोधायचे होते. जो पडद्यासमोर होता त्याच्यापाशी पाहण्याखेरीज काही नव्हते.

आता उपायांकडे वळू. पहिला आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे बातम्याच वाचू नयेत. आजाऱ्याला, बाळंतिणीला, नुकतेच दुःख सोसलेल्याला काही काळ हा उपाय अवश्य सांगावा. पण धडधाकट नागरिकाने तो कायमचा पत्करावा हे मला मान्य नाही, कारण ज्याला शेजारच्या तालुक्यातील टंचाई ठाऊक नाही त्याच्याकडून मदतीची किंवा जाब विचारण्याची अपेक्षा कशी करावी? दुसरा उपाय पुस्तकांच्या दुकानांतून मांडलेला असतो. नॉर्मन व्हिन्सेंट पील या अमेरिकन धर्मोपदेशकाचा सकारात्मक विचारसरणीवरील ग्रंथ १९५२ साली निघाला, आणि तेव्हापासून ‘चांगला विचार करा म्हणजे चांगले घडेल’ हा उपदेश मराठीतही अनुवादांतून आणि व्याख्यानांतून अखंड चालू आहे. या वाङ्मयाने कोणाला धीर दिला नसेल असे मी म्हणत नाही. पण संकटाची खरी कसोटी ज्यांनी दिली त्यांची साक्ष याच्या उलट पडते. नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत बाहेर पडलेले मनोवैद्य व्हिक्टर फ्रँकल यांनी नोंदवून ठेवले आहे की, १९४४ चा नाताळ आणि १९४५ चे नववर्ष यांच्यामधील आठवड्यात त्यांच्या छावणीतील मृत्यू एकाएकी वाढले, आणि छावणीच्या वैद्याच्या मते त्याचे कारण असे की नाताळपर्यंत घरी जाऊ अशी भोळी आशा अनेकांनी धरली होती. व्हिएतनाममध्ये १९६५ ते १९७३ अशी साडेसात वर्षे कैदेत काढलेले अमेरिकन नौदलाचे अधिकारी जेम्स स्टॉकडेल यांनीही पुढे हेच सांगितले: अमुक सणापर्यंत सुटू म्हणणारे सोबती तो सण उलटताच खचत आणि अखेर दुःखाने मरत. शेवटी आपण तरून जाऊ हा विश्वास न सोडता, आज समोर असलेल्या सत्याकडे, ते कितीही दारुण असले तरी, सरळ पाहणे, हा स्टॉकडेल यांचा अनुभव होता. आशा आणि भविष्यकथन या दोन वस्तू वेगळ्या आहेत. पुत्रशोकात बुडालेल्या आईला किंवा कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्याला ‘सकारात्मक राहा’ म्हणून सांगणे हा तर मी निर्दयपणाच मानतो.

तिसरा उपाय खुद्द वृत्तव्यवसायातून पुढे आला आहे. डेन्मार्कमधील उल्रिक हागेरुप यांच्यासारख्या संपादकांनी विधायक वृत्तलेखनाची चळवळ चालविली. अमेरिकेत समस्यांबरोबर त्यांवरील उत्तरांचाही कसोशीने शोध घेणाऱ्या पत्रकारांची संघटना २०१३ साली उभी राहिली. हा मार्ग मला आशादायक वाटतो, मात्र एका अटीवर. चांगली बातमी म्हणून हरवलेली बॅग परत करणाऱ्या रिक्षावाल्याची हकीकत छापावी, ती गोड असतेच; पण तिने पाणीटंचाईच्या बातमीचे उत्तर मिळत नाही. टंचाईच्या बातमीशेजारी, त्याच पर्जन्यमानाच्या हिवरे बाजार या गावात १९९० नंतर ग्रामसभेने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके कशी ठरविली, कूपनलिकांना बंदी कशी घातली आणि त्यात अडचणी कोणत्या आल्या, हे बारकाव्यासह छापले तर वाचकाची खिन्नता कुतूहलात बदलते.

परंतु या विषयाचा खरा गाभा मला बातमीच्या पलीकडे, ती ऐकणाऱ्याच्या हातांत दिसतो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला आणि काही महिन्यांत सगळ्या मुंबई इलाख्यात दहशत पसरली. लोक शहर सोडून पळत होते, सरकारी तपासणीची धास्ती रोगाहूनही अधिक होती आणि अफवांना ऊत आला होता. त्याच वेळी भायखळ्याच्या एका प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकीन हा संशोधक लस तयार करीत होता आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. इकडे पुण्याजवळ हडपसरच्या ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुल्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई तेव्हा पासष्टी ओलांडून गेल्या होत्या. मुंढव्याच्या वस्तीतील एक मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच त्या स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला, त्यांना रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या काळी ज्या बातमीने सहस्रावधी माणसे सैरावैरा धावत होती, तीच बातमी हाफकीन व सावित्रीबाई यांच्यापर्यंतही पोहोचलेली होती.

अलीकडच्या काळातील उदाहरण गडचिरोलीचे आहे, आणि त्यावर थोडे थांबणे अगत्याचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. खेड्यातील अर्भके मोठ्या संख्येने मरत, कित्येकांची नोंदही होत नसे, आणि दवाखाना कोसांगणती दूर असल्याने ‘देवाची इच्छा’ यापलीकडे बोलण्यासारखे कोणापाशी काही नव्हते. सर्चने ३९ गावांत अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून तयार केले. त्यांच्या पिशवीत अर्भकाला वजन करण्याचा ताणकाटा, ऊब राखण्यासाठी पिशवीसारखे पांघरूण आणि श्वास मोजण्याचे एक साधेसे साधन असे: एका पाटीवर ओवलेले मणी आणि शेजारी एका मिनिटाची वाळूची घटिका. बाळाच्या दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला तर श्वास अति जलद आहे, म्हणजे न्यूमोनियाचे लक्षण, आणि औषध लागलीच द्यायचे. जिला शंभरापर्यंत आकडे मोजण्याची सवय नाही तिलाही हे जमे. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचा वृत्तांत आला, त्यात नवजात अर्भकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दाखविले होते. पुढे २००१ साली राज्यातील अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून बालमृत्यूंची स्वतः गणना केली आणि ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी आकड्यांपेक्षा प्रत्यक्ष मृत्यू कितीतरी अधिक आहेत असे सांगणारी ती अत्यंत अप्रिय वार्ता होती. तो अहवाल लिहिणाऱ्यांनी वाचकांना धीर देण्यासाठी एकही आकडा सौम्य केला नाही. त्यांच्या हाताशी मण्यांची ती पाटी होती, आणि म्हणूनच सत्य जसेच्या तसे सांगण्याची हिंमतही होती. २०११ पासून घरोघरी नवजात अर्भकाची काळजी घेण्याची ही पद्धत देशभरच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या कामात समाविष्ट झाली.

येथे एक आक्षेप येतो आणि तो न्याय्य आहे. प्रत्येकाला गडचिरोलीस जाता येत नाही. शिवाय एकाला मदत करून मन हलके व्हावे तर उरलेल्या हजारांची आठवण ते समाधान नासविते. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांतून हेच दाखविले आहे की, ज्यांना आपण मदत करू शकत नाही त्यांची माहिती दिली की माणसे, ज्याला मदत करू शकतात त्यालाही कमी देतात. मनाची ही खोड ओळखून तिच्याशी व्यवहार करावा लागतो. बातम्यांना दिवसातील एक-दोन वेळा नेमून द्याव्यात, त्या शक्यतो वाचाव्यात आणि चित्रफिती पुनःपुन्हा पाहू नयेत, निजण्यापूर्वी तर मुळीच पाहू नयेत, आणि जगातील शंभर दुःखांपैकी एखादे निवडून त्याच्याशी वर्षानुवर्षे नाते ठेवावे, मग ते तालुक्याच्या रक्तपेढीचे असो वा गावच्या शाळेचे. उरलेल्या नव्व्याण्णवांविषयी अनास्था वाटू लागेल अशी भीती कोणास वाटेल. माझा अनुभव असा आहे की एका कामात गुंतलेला मनुष्य दुसऱ्याचे काम अधिक आदराने समजून घेतो.

मग ज्या दूरच्या दुःखापर्यंत आपला हात पोहोचतच नाही, त्याची वार्ता वाचून काय साधते? १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मरत होती आणि लोकांचे धैर्य खचू नये या युद्धकालीन सबबीखाली सरकार ती वार्ता दडपीत होते. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’चे संपादक इयान स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ रोजी, छायाचित्रांना निर्बंधांच्या नियमांची मनाई नाही हे ध्यानात घेऊन, रस्त्यावर मरणाऱ्यांची छायाचित्रे छापली, देशात व परदेशांत खळबळ उडाली, आणि ऑक्टोबरात व्हाइसरॉय झालेल्या वेव्हेल यांनी आठवड्याच्या आत कलकत्ता गाठून मदतीच्या कामास लष्कर लावले. अमर्त्य सेन यांनी पुढे दुष्काळांच्या अभ्यासातून, जेथे वृत्तपत्रे स्वतंत्र आहेत आणि सरकारला मते मागावी लागतात तेथे मोठ्या प्रमाणावर भूकबळी होत नाहीत, हा जो सिद्धान्त मांडला, त्याच्या पाठीमागे त्यांनी बालपणी पाहिलेला हाच दुष्काळ होता. शेकडो मैलांवरच्या ज्या वाचकाने ती छायाचित्रे पाहून जेवणाचे ताट बाजूस सारले असेल, त्याची अस्वस्थताही त्या खळबळीचा एक अंश होती.

महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा धान्याची तूट काही थोडीथोडकी नव्हती. परंतु दुष्काळाच्या बातम्या रोज छापून येत होत्या, विधिमंडळात जाब विचारला जात होता, तहसील कचेऱ्यांवर मोर्चे जात होते, आणि १९७३ च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव अशी ती कामे होती, मुलांना सुकडी मिळत होती, आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी, कोणालाही न आवडणारी, घरोघरी भाजली जात होती. वि. स. पागे यांनी आधीच मांडलेल्या कल्पनेला त्या अनुभवातून बळ आले आणि मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना १९७७ साली कायद्याने पक्की झाली. तिच्या खर्चासाठी राज्याने १९७५ साली व्यवसाय कर बसविला, आणि ज्याने दुष्काळी रानातील कामाची जागा कधी पाहिलीही नाही अशा मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या पगारपत्रकात, दरमहा, त्या रानासाठी कापल्या जाणाऱ्या रकमेचा एक रकाना तेव्हापासून सुरू झाला.